मार्थाबाईंची बदली

मार्थाबाई आमच्या शेजारी राहायला आल्या त्या दिवशी टेम्पोतून सामान अजून उतरत होतं, आणि त्या माझ्या फाटकाशी येऊन उभ्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळ मोकळं, हातात रिकामी कळशी. मला वाटलं, पाणी मागायला आल्या असतील. तर म्हणाल्या, "पाणी तर तुम्ही द्यालच. आधी नाव सांगा."

"शेवंता."

"मी मार्था. झाली ओळख. आता पाणी द्या."

मागाहून कळलं की दर गावात त्यांचं पहिलं काम हेच. म्हणायच्या, "घर मंडळीचं असतं, भांडी आपली असतात, शेजारीण तेवढी जिथल्या तिथं नवी करावी लागते. ती आधी करून घेते आणि मग रडायला मोकळी होते."

आता सांगायचं म्हणजे, आमच्या सिहोऱ्यात ख्रिस्ती घरं थोडी. ती सगळी मिळून त्यांची मंडळी. त्यांचं देऊळ लहानसं, टिनाच्या छपराचं. मागे दोन खोल्यांचं पाळकघर, आणि त्या पाळकघराची नि आमची भिंत एकच. पाळक म्हणजे त्यांची उपासना चालवणारे, लग्न लावणारे, मयतीला उभे राहणारे. पाळकाची बायको ती पाळकीण. बायांची प्रार्थना, आजाऱ्याची विचारपूस, कोणाच्या घरी भांडण झालं तर मध्ये पडणं, हे सगळं तिच्याकडे. दर काही वर्षांनी वरून बदलीचं पत्र येई आणि दोघांना गाव सोडावं लागे. मार्थाबाई मूळच्या नगरकडच्या, बाजरीच्या मुलखातल्या. तिथून निघून कुठं कुठं राहत त्या आमच्या धानाच्या मुलखात येऊन पडल्या होत्या.

काही नवं समोर आलं की त्यांच्या तोंडी एकच. "बरं. आता हे." नळाला पाणी नाही, "बरं, आता हे." माकडांनी छपरावरचे कवेलू फोडले, "बरं, आता हे." असं म्हणून जरा वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, त्या गोष्टीकडे नीट पाहायच्या, आणि मग हात लावायच्या. पण म्हणून त्या मुकाट्यानं सगळं सोसत असं नाही हं. देवाशी त्या चांगल्या भांडायच्या. सकाळी त्यांची प्रार्थना भिंतीपलीकडून मला अख्खी ऐकू यायची. गावातल्या बातम्या सगळ्या देवाला सांगून व्हायच्या, माझ्या म्हशीच्या दुखण्यासकट, आणि कुठं काय करायला पाहिजे तेही सांगून व्हायचं. पाळकसाहेब मध्येच खोकलायचे. म्हणजे चहा झाला असेल तर द्या.

आमची बोली त्यांनी महिन्याभरात उचलली, पण अर्धीच. "मले" म्हणायच्या आणि पुढचं सगळं नगरचं. "मले जरा मीठ देता का हो?" माझी सून हसून हसून आत पळायची.

देवळामागे जरा सखल जागा होती. पावसाचं पाणी तिथं थांबून राही. पहिल्याच वर्षी मार्थाबाईंनी ठरवलं की तिथं धान लावायचं. बियाणं मीच दिलं. आमच्याकडे धान आधी एका लहान वाफ्यात दाट पेरतात. त्या रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो. पऱ्हे वीतभर वाढले की ते उपटायचे, जुड्या बांधायच्या, आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, दोन-चार दोन-चार काड्या अंतरानं रोवायच्या. ही रोवणी. हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून मी काही वेगळं सांगितलं नाही.

त्यांचे पऱ्हे असे उगवले की पाहत राहावं. हिरवेगार, एकसारखे, वारा आला की लाटेसारखे हलणारे. त्या रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसायच्या. रोवणीचे दिवस आले, आमच्या बाया बांधीत उतरल्या. मी हाक मारली, "बाई, तुमचे पऱ्हे उपटाले कधी येऊ?"

"उपटायला?"

"मंग. रोवा नाई लागत का?"

"इतकं छान लागलंय ते, शेवंताबाई. मुळं धरलीत. आणि उपटायचं? माझ्यानं नाही होणार. आमच्याकडे बी पडलं तिथंच कणीस येतं."

"अवो, हे बाजरी नोहे. नाई उपटले त वाया जाईन."

"तुमची पद्धत मोठी निर्दयी आहे हो," असं म्हणून त्या आत गेल्या. मी पण कामात होते. जाऊ दे म्हटलं, त्यांचं धान, त्यांची मर्जी.

पऱ्हे तसेच राहिले. एकमेकांना रेटत उंच गेले, बारीक झाले, पिवळे पडले. आमच्या बांधीत लोंब्या वाकल्या तेव्हा त्यांच्या वाफ्यात ताठ उभ्या काड्या. कापणीच्या वेळी मी गेले तर मार्थाबाई बांधावर बसल्या होत्या. एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. सगळं उडून गेलं. हातात दाणा नाही राहिला.

मला वाटलं आता म्हणतील, बरं, आता हे. तर त्यांनी रिकामा हात पदराला पुसला. म्हणाल्या, "शेवंताबाई, मला ज्या ज्या गावात जीव लागला तिथून देवानं मला उपटलं. प्रत्येक बदलीला मी त्याला म्हटलंय, तू निर्दयी आहेस. अगदी हाच शब्द."

"मंग आता नका भांडू."

"भांडणार तर. पण जाईन."

पुढच्या वर्षी लुगडं वर खोचून त्या आमच्या बायांबरोबर चिखलात उतरल्या. रोवताना त्यांची रांग बांधीत नागमोडी जाई, आणि आमच्या बाया त्यांच्यामागे येऊन सरळ करत. त्यांना कळू द्यायचं नाही म्हणून मी त्यांना गाणं म्हणायला लावायची. गाताना त्या खाली पाहत नसत.

पाळकसाहेब गेले ते थंडीत, सकाळी, दाढी करताना. मार्थाबाईंनी मला भिंतीपलीकडून हाक मारली, नेहमीच्याच आवाजात. मी गेले तर साहेब खुर्चीत बसल्यासारखे, आणि बाई ओल्या फडक्यानं त्यांच्या गालावरचा साबण पुसत होत्या. म्हणाल्या, "लोक येतील. असे नको दिसायला." उरलेली अर्धी दाढीही त्यांनीच केली. मग मला म्हणाल्या, "आता बोलवा सगळ्यांना."

गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी त्यांची लहानशी दफनभूमी आहे, मोहाच्या झाडांखाली. साहेबांना तिथं ठेवलं. मुलगी लीना नागपूरहून आली होती. तिनं आईला चल म्हटलं. बाई म्हणाल्या, "साहेब इथं आहेत. मी कुठं येऊ?"

पण पाळकघर तर सोडावंच लागणार होतं. नवे पाळक यायचे होते. कोणी त्यांना घाई केली नाही, मंडळीनं म्हटलं सावकाश बघा. माझी मागची खोली होती, पूर्वी आम्ही त्यात धान ठेवायचो. कोंड्याचा वास अजून जात नव्हता. मी म्हटलं, "या इकडे. भाड्या-बिड्याचं नाव काढाल त मी बोलणार नाई." त्या आल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी बदलीच्या पत्राशिवाय घर बदललं, आणि तेही भिंतीच्या पलीकडून अलीकडे. मला वाटलं, एवढ्याशा अंतराचं काय दुःख.

माझं तिथंच चुकत होतं. लांब गेलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. मार्थाबाईंच्या खोलीच्या खिडकीतून पाळकघराचं अंगण समोर होतं. नवे पाळक तरुण, त्यांची बायको स्नेहा त्याहून तरुण, कडेवर लेकरू. तिनं कपडे वाळत घालायची दोरी बदलली. चुलीची जागा मोडून तिथं गाडी उभी केली. बाईंचा कढीपत्ता वाढून वाट अडवत होता, तो तोडला. बाई खिडकीत बसून सगळं पाहायच्या. तोंडानं बोलायच्या नाहीत. पण त्या दिवसांत जेवण उरायचं.

आणि शुक्रवार. दर शुक्रवारी दुपारी बायांची प्रार्थना असे, ती पाळकिणीनं घ्यायची. मार्थाबाईंनी ती इतकी वर्षं घेतली होती. स्नेहा आल्यावर पहिले दोन शुक्रवार बाया तिच्याकडे गेल्या. तिसऱ्या शुक्रवारी पाहते तर माझ्या अंगणात चपलांचा ढीग. सगळ्या बाईंच्या खोलीत, दाटीवाटीनं.

पुढारीण रिबेका. तिचा नवरा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता, तिथून निवृत्त होऊन इथं घर बांधलं त्यांनी. रिबेकाचा आवाज असा की खाणीतही ऐकू गेला असता.

"आमी नाई जात त्या पोरीकडे," ती सांगत होती. "मोबाईलमधून शास्त्र वाचते ते."

"मोबाईलमधलं शास्त्र वेगळं असतं का गं, रिबेका?" मार्थाबाई म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या. त्या हसण्यात गोडी होती, ते मी दारातून पाहिलं.

"आन् गाण्याले मशीन वाजवते. टाळी कुठं वाजवाव, काई समजत नाई. तुमीच घ्या बाई. तुमीच आमची पाळकीण."

बाईंनी घेतली. त्या दिवशी त्यांनी पोटभर जेवण केलं. तेव्हापासून दर शुक्रवारी माझं अंगण भरलेलं आणि पलीकडे स्नेहा सतरंजी अंथरून बसलेली, एकटी. लेकरू सतरंजीवर रांगायचं. तासाभरानं ती सतरंजी झटकून घडी करायची. खिडकीतून ते बाईंना दिसायचंच, आणि पाठ करून बसल्या तरी सतरंजी झटकल्याचा आवाज यायचा.

एका शुक्रवारी सकाळी मी खोलीत गेले तर बाज खिडकीपासून दूर, उलट्या भिंतीला. एकट्यानं ओढत नेली होती, दमल्या होत्या. म्हणाल्या, "बसा. मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि तुम्ही मंडळीतल्या नाही म्हणून सांगते. साहेब गेले, मी सोसलं. घर गेलं, सोसलं. सगळ्यांना सांगत फिरले, देवाची इच्छा. पण शुक्रवार मी धरून ठेवलाय. मला तो सोडवत नाही. शुक्रवार गेला तर मी कोण? एक म्हातारी, भाड्याच्या खोलीतली."

"भाडं कोण घेतं तुमचं?"

"मग फुकटच्या खोलीतली. त्याहून वाईट."

त्याच पुढे म्हणाल्या, "ती पोरगी रोज मला दारातून 'सलाम आई' म्हणते. एकदाही तिनं विचारलं नाही की माझ्या बाया का नेल्यात. विचारलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते."

मग त्यांनी पेटीतून कुलूप काढून माझ्या हातात दिलं. "दुपारी मला आत घालून बाहेरून लावा. किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

"आत? अन् बाया आल्यावर मी काय सांगू, गावाले गेल्या म्हणून?"

"खोटं नाही सांगायचं. निरोप सांगा. आजपासून प्रार्थना पाळकघरात. एवढंच. मी दारात उभी राहिले तर त्यांची तोंडं बघून विरघळीन, म्हणून कुलूप."

तसं केलं. मी कुलूप लावून लाखोरीची डाळ निवडत अंगणात बसले. बाया आल्या. मी निरोप सांगितला. रिबेकाला पटेना.

"अशा कशा गेल्या न सांगता? कुठं गेल्या?"

"निरोप तेवढाच होय."

तेवढ्यात आत बाईंना खोकला आला. आधी दाबलेला, मग न दाबता आलेला. सगळ्या दाराकडे पाहायला लागल्या. रिबेका माझ्याकडे पाही, कुलपाकडे पाही.

"आत कोण खोकललं?"

मी डाळीतले खडे काढत राहिले.

रिबेका दाराशी गेली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "बाई, आमचं काई चुकलं का जी?"

रिबेका कपाळ दाराला लावून जराशी उभी राहिली. मग वळली, पदर डोक्यावर घेतला आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला. बाईनं सांगतलं त जा लागन." माझ्याजवळून जाताना म्हणाली, "काकू, त्याईले खोकल्याचं औषध द्या."

मी कुलूप काढलं. मार्थाबाई बाजेवर बसल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात, डोळ्यांतून पाणी, आणि हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाच माहीत. बोळा काढून म्हणाल्या, "आता मलाही जायला हवं. त्यांना पाठवून मी घरी बसले तर तो रुसवा झाला. माझी चप्पल कुठं आहे?"

मी सोबत गेले, दारापर्यंत. स्नेहाच्या सतरंजीवर जागा उरली नव्हती, आणि त्या पोरीला सुचत नव्हतं की लेकराला धरू की डोळे पुसू. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली. "आई, तुम्ही सांगा ना आज."

"आयुष्यभर मीच सांगितलंय. मला ऐकू दे," असं म्हणून मार्थाबाई सगळ्यात मागे, चपलांजवळ टेकल्या. स्नेहा मोबाईलमधून वाचू लागली. एका अवघड नावाशी अडखळली, तशा बायांच्या माना सवयीनं मागे वळल्या. मार्थाबाई आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. वर पाहिलंच नाही त्यांनी. माना एकेक करून परत पुढे गेल्या, आणि स्नेहानं ते नाव दुसऱ्यांदा बरोबर वाचलं.

त्यानंतरच्या मार्थाबाई वेगळ्या होत्या. हे मी शेजारीण म्हणून सांगते, भक्तीतलं मला फार कळत नाही. मी तुळशीला दिवा लावणारी बाई. पण भिंत तर आता मध्ये नव्हती, सगळं दिसत होतं. त्यांची सकाळची ती लांबलचक प्रार्थना अगदी छोटी झाली. "प्रभू, मी इथं आहे." एवढं म्हणून गप्प बसून राहायच्या, चहा निवेपर्यंत.

एकदा मी विचारलं, "बाई, एवढीच? पहिले त माह्या म्हशीचं पण सांगत होत्या."

"त्याला माहीत असतं हो सगळं. मीच उगाच इतकी वर्षं सल्ला देत होते." मग म्हणाल्या, "मला वाटायचं देव प्रत्येक गावात मला काहीतरी देतो. ते काही तितकं खरं नाही. तो जागा रिकामी करत होता, स्वतः येऊन बसायला. आणि मी दर वेळी तिथं पुन्हा सामान भरत होते."

लोकही जास्त यायला लागले त्यांच्याकडे. पाळकीण होत्या तेव्हा बाया त्यांच्यासमोर जपून बोलत. आता मनातलं सांगत. रिबेका तर तोंडावर म्हणाली, "बाई आता पाळकीण नाई राहिल्या, माणूस झाल्या." बाईंना ते फार आवडलं. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. स्नेहा लेकराला त्यांच्याकडे टाकून बाजारात जाई, आणि तोडलेल्या कढीपत्त्याला बुडातून फूट आली ती बाईंनाच आधी दिसली, तेव्हा दोघी वाकून वाकून ती पाहत होत्या.

मग गुडघे गेले. आधी काठी, मग भिंत धरून, मग मोरीपर्यंतही कोणीतरी लागे. मी करत होते, स्नेहा करत होती. पण माझंही वय झालं, आणि स्नेहाला दुसरं होणार होतं. लीना नागपूरहून गाडी घेऊन आली. तिला वाटत होतं, आई नाहीच म्हणणार. मलाही तेच वाटत होतं. कारण साहेब इथं होते. दर रविवारी उपासनेनंतर बाई बोडीकाठी जाऊन बसायच्या, आणि त्यांच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी डोळ्यांनी मापून ठेवली होती, तेही मला माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "मला आधी तिकडं न्या."

लीनानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. मोहाची पानं पडलेली होती. मी मनाची तयारी केली होती, बाई आता कोसळतील, सावरायचं आहे. त्यांनी काठीनं पानं बाजूला सारली, वाकता येईना म्हणून लीनाला सांगून दोन गवताच्या काड्या उपटवल्या, आणि सहज घरात सांगावं तसं म्हणाल्या, "साहेब, बदली आली."

जरा उभ्या राहिल्या. मग लीनाला म्हणाल्या, "चल. ते इथं नाहीतच तसेही. मीच इथं बसून होते."

परत येताना मला म्हणाल्या, "शेवंताबाई, गाडी निघाल्यावर मी मागं वळून बघणार नाही हं. राग मानू नका."

"काहून?"

"आमच्या शास्त्रात एक बाई आहे. लोटाची बायको. देवानं सांगितलं होतं, गाव सोडताना मागं बघू नको. तिनं बघितलं आणि मिठाचा खांब झाली."

"वो माय. एवढ्याशा पाहण्यानं?"

"एवढ्याशानंच. मी दर बदलीला बघितलंय. टेम्पोच्या मागच्या फळीला धरून, झाडं दिसेनाशी होईपर्यंत. आणि नव्या गावात पोचायचे तेव्हा निम्मी मागंच राहिलेली असायचे. साहेब चिडायचे. या वेळी पूर्ण जायचंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या. अंगणात सगळी मंडळी. स्नेहा रडत होती, रिबेका सगळ्यांना रडू नका म्हणून मोठ्यानं सांगत होती आणि स्वतः रडत होती. बाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब करता यावे म्हणून. काच खाली करून त्यांनी एकेकीचा हात हातात घेतला. माझा हात धरून म्हणाल्या, "मले विसरू नका." तेवढं तरी धड बोलीत जमलं म्हणून मी हसले, आणि हसता हसता माझंही व्हायचं ते झालं.

गाडी सुरू झाली. बाईंनी समोर पाहिलं, मान ताठ. गाडी फाटकातून बाहेर पडली, सावकाश वळली, रस्त्याला लागली. मी मागून चार पावलं चालत गेले. खरं सांगते, सांगून ठेवलेलं असलं तरी मनात होतं, एकदा तरी पाहतील. मान काही वळली नाही. शब्दाला पक्क्या.

मग माझी नजर गाडीच्या बाहेरच्या त्या लहानशा आरशाकडे गेली. त्यात मार्थाबाईंचा चेहरा होता, कपाळ, चष्मा, सगळा, आणि त्या माझ्याकडेच पाहून राहिल्या होत्या.